सातव्या अडथळ्यावरचा फ्लॅश

मैदानाच्या चार कोपऱ्यांत चार मनोरे होते. त्यांवरचे दिवे लागले की प्रत्येक माणसाला चार सावल्या फुटायच्या. त्या सावल्यांच्या गर्दीत बसून थोरली अकरा वर्षं एका दैनिकासाठी खेळांचे फोटो काढत आली होती.

दिवे जुने होते. डोळ्यांना त्यांचा उजेड सलग वाटे, पण ते सेकंदाला शंभर वेळा मंदावत आणि पुन्हा भरत. माणसाला हे कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. एका फोटोत पळणारी मुलगी पिवळी, पुढच्यात हिरवट, तिसऱ्यात निम्मी काळोखात. म्हणून थोरली फ्लॅश लावायची. एकदा पूर्ण ताकदीने उडालेला तिचा फ्लॅश पुन्हा भरायला अडीच सेकंद घेई. इतर फोटोग्राफर एका शर्यतीत पन्नास फोटो घेत आणि त्यांतला एक निवडत. थोरलीला एकच मिळे. तो चुकला तर चुकला.

मैदानात उतरायचा जो पास तिच्या गळ्यात असे, त्याच्या मागे बारीक अक्षरांत एक अट छापलेली होती. फ्लॅश बाजूने मारायचा, खेळाडूच्या समोरून नाही. अकरा वर्षांत तिने ती मोडली नव्हती. त्या शुक्रवारी मोडली, कारण अडथळ्यांच्या शर्यतीत तिची बहीण, धाकटी, धावत होती आणि थोरलीला तिचा चेहरा हवा होता. सातव्या अडथळ्याजवळची नेहमीची जागा सोडून ती चार पावलं पुढे सरकली आणि गुडघे टेकून बसली.

फ्लॅश उडाला आणि धाकटी पडली. आधी काय आणि मग काय, हे कुणालाच सांगता आलं नसतं. धाकटीचे प्रशिक्षक मात्र ठाम होते.

"डोळ्यांवर मारला फ्लॅश! पोर आंधळी होऊन गेली माझी," ते कुंपणापलीकडून ओरडले. "सख्खी बहीण ना तू तिची?"

धाकटीचा गुडघा सोलला, मनगट मुरगळलं. बाकी काही नाही. फक्त ती निवड चाचणी होती आणि पुढच्या वर्षी धाकटी त्या वयोगटात बसणार नव्हती.

सोमवारी मैदानाच्या सचिवांचं पत्र आलं. शुक्रवारपर्यंत लेखी खुलासा द्यावा. फ्लॅशमुळे व्यत्यय आला असेल तर खेळाडूची चाचणी पुन्हा घेऊ आणि फोटोग्राफरचा पास रद्द करू. तसं नसेल तर झाला तो निकाल कायम. थोरलीने पत्र दोनदा वाचलं आणि वीजबिलाच्या खाली ठेवलं.

तिला काही वाटत नव्हतं. पायाला मुंग्या येऊन गेल्यावर पाय असतो, पण आपला नसतो, तसं काहीसं. ती कामावर जात होती, दिवसा होणाऱ्या सामन्यांचे फोटो काढत होती, घरी येऊन जेवत होती. शुक्रवारचं कार्ड तिने कॅमेऱ्यातून काढून सुया-दोऱ्यांच्या डब्यात टाकलं होतं. त्यावरचा तो फोटो तिने पाहिला नव्हता.

"दोघी मूग गिळून बसल्यात," आई भिंतीला सांगावं तशी म्हणायची. "एकीचं कोपर फुटलं की दुसरी रडायची. आता बघा. घरात भाडेकरू ठेवल्यासारखं वाटतंय मला."

"आई, मीठ दे," धाकटी म्हणायची.

"ताईला सांग. तिच्यासमोर आहे."

धाकटी मग अळणीच खायची.

गुरुवारी दुपारी धाकटी पट्टी बदलून घ्यायला दवाखान्यात गेली होती. थोरलीने डबा उघडला, कार्ड काढलं आणि फोटो संगणकावर घेतला. फोटो चांगला होता, तिने काढलेल्यांतला बहुधा सर्वांत चांगला. फ्लॅशचा उजेड सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाच टिकतो, त्यामुळे धाकटी हवेत खिळल्यासारखी थांबलेली. केसांची एकेक बट वेगळी. डोळे टक्क उघडे, समोर, आठव्या अडथळ्यावर.

मग तिने शेजारच्या पट्ट्यातला अडथळा पाहिला. तो सरळ उभा होता. धाकटीचा पुढे झुकलेला होता. थोरलीने खणातून कोनमापक काढून पडद्याला लावला. सात अंश. तिने पुन्हा मोजलं. सातच.

अडथळा आपण होऊन झुकत नाही. फ्लॅश उडाला तेव्हा धाकटीचा पाय त्याला लागून गेलेला होता. क्षणाचा काही भाग आधी, पण आधी.

हायसं वाटायला हवं होतं. तिने वाट पाहिली. पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला.

धाकटी आली ती दारातच थांबली. पडद्यावर ती स्वतः होती, दोन वीत रुंद.

"सात अंश," थोरली म्हणाली. आठवड्याभरातला तिच्याशी बोललेला पहिला शब्द.

धाकटीने चपला काढल्या, एकीवर एक नीट ठेवल्या. "मला माहितीये."

"काय माहितीये?"

"आधी पायाला लागलं. मग उजेड." ती खाटेवर बसली. "तुझं नाव मी नाही घेतलं, ताई. सरांनी घेतलं. मी फक्त नाही म्हटलं नाही."

"सहा दिवस?"

"रोज सकाळी ठरवायचे, आज सांगायचं. मग वाटायचं, परत धावायला मिळेल." तिने पट्टीचं टोक खरवडलं. "लई नालायक आहे ना मी?"

"लई नाही. बेताची."

धाकटी हसली नाही, पण तिच्या नाकातून हवा सुटली. मग म्हणाली, "फोटो देऊन टाक त्यांना. तुझी रोजीरोटी आहे ती. माझं काय, पळणंच आहे."

 थोरलीने संगणक बंद केला. कोनमापक खणात ठेवला, पेन्सिली आणि पट्टीच्या मधे, जिथला होता तिथेच.

शुक्रवारी सचिवांच्या टेबलापुढे उभं राहून तिने खुलासा लिहिला. "फ्लॅश माझा होता आणि तो अटीविरुद्ध, समोरून मारला गेला." वाक्य तिने तपासलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

सचिवांनी चष्मा वर केला. "एवढंच? फोटो नाही जोडलात?"

"नाही."

"अहो बाई, अकरा वर्षं आहात. काही म्हणायचं असेल तर म्हणा. मला काय, मी कागदावर जे असेल ते वाचतो."

"वाचा ना मग."

तिने पास गळ्यातून काढला. दोरी केसांत अडकली, ती सोडवायला थोडा वेळ लागला. सचिव तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

दैनिकाने तिला शाळांच्या बक्षीससमारंभांची कामं दिली. बंद सभागृह, न हलणारी माणसं. तिथे फ्लॅशला कुणाची हरकत नसते.

पुन्हा चाचणी तीन आठवड्यांनी झाली. थोरली प्रेक्षकांत बसली, आईशेजारी. कॅमेरा नव्हता, त्यामुळे हात कुठे ठेवायचे हा प्रश्न होता. तिने ते मांडीखाली घेतले.

"इतक्या लांबून काय दिसतंय?" आई कुरकुरली. "कोणती आपली?"

"चौथ्या पट्ट्यात. चार सावल्यांची."

"सगळ्यांनाच चार आहेत की गं."

शर्यत सुटली. थोरली अडथळे मोजत होती. सातव्यावर तिचं उजवं बोट मांडीखाली आपोआप दाबलं गेलं. धाकटी सातवा पार करून गेली. आठवा, नववा, दहावा. कशालाच पाय लागला नाही. फलकावर वेळ उमटली, आणि निवडीला लागणाऱ्या वेळेपेक्षा ती एका सेकंदाच्या आठ शतांशांनी जास्त होती.

प्रशिक्षकांनी फलकाकडे पाहिलं, मग आजूबाजूला, जणू अजून कुणाच्या हातात कॅमेरा सापडेल. कुणाच्याच नव्हता.

धाकटी बूट हातात घेऊन, मोज्यांवरच, पायऱ्या चढून वर आली. श्वास अजून जागेवर आला नव्हता. आईने रुमाल पुढे केला, तो तिने घेतला आणि थोरलीच्या खालच्या पायरीवर बसली.

"आज कुणाला बोल लावू?" ती म्हणाली.

"मला लाव. सवय झालीये."

धाकटीने डोकं मागे टाकलं. ते थोरलीच्या गुडघ्यावर येऊन टेकलं, घामाने ओलं, जड. थोरलीने मांडीखालून हात काढले. त्यांना मुंग्या आल्या होत्या. बोटं पसरून ती वाट पाहत बसली. समोर मनोऱ्यांवरचे दिवे एकेक करून विझत होते आणि खाली माणसांच्या सावल्या तीन झाल्या, मग दोन.