हिरव्या पाकिटाखाली
मी एक जुना संगणक आहे. तैपेईपासून दूर, समुद्रातल्या मात्सू बेटावरच्या बोटीच्या तिकीटघरात, खिडकीजवळच्या टेबलावर बसलेला. खाऱ्या वाऱ्याने माझा पत्रा गंजलाय, पंखा घरघरतो. पण मित्रांनो, डोकं अजून शाबूत आहे बरं!

तिकीटघर झाडणाऱ्या श्यू-ओ मावशींनी माझ्या डोक्यावर खाऊचं हिरवं पाकीट ठेवलं होतं. आमच्याकडे यंत्रांवर ते ठेवतातच. त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'शहाण्यासारखं वाग'. पाकीट हिरवंच हवं, कुणी फोडून खायचं नाही आणि त्यावरची तारीख उलटू द्यायची नाही. मला पुसताना मावशी म्हणायच्या, "बाळा, नीट वाग हं. नवीन वर्षाला माझ्या पो-लिनचं तिकीट तुलाच काढायचंय."

पो-लिन त्यांचा मुलगा, समुद्रापलीकडे शिंचू शहरातल्या कारखान्यात कामाला. पाळीवर असताना तिथे फोन आत नेता येत नाही, म्हणून तिकीट आईनेच काढायचं. घरी त्याच्या बाबांनी अंथरूण धरलं होतं. "पोरगा आला की सणाचं जेवीन," एवढंच ते म्हणत.

त्या वर्षी तिकिटांची वेबसाइट नवी झाली. ती गर्दीत टिकते का, हे बघायला तैपेईच्या ऑफिसने आम्हा पाच संगणकांना कामाला लावलं. हुकूम तिथून सुटायचा, की आम्ही आपापल्या गावातून शेकडो खोट्या प्रवाशांची सोंगं घेऊन एकदम तुटून पडायचो. मोठ्या शहरांतले चौघे म्हणाले, सगळ्यांना तिकिटं मिळाली. मी म्हणालो, माझ्या एकालाही नाही. कारण गर्दी झाली की उशिरा पोचणाऱ्याच्या तोंडावर ती वेबसाइट दार लावून घ्यायची. आमची तार समुद्राखालून जाते, आम्ही पोचतोच उशिरा.

तैपेईहून मान नावाच्या ताईचा फोन आला. मावशींनी आवाज मोठा केला.

"मावशी, घड्याळ बरोबर दाखवतोय का? वायर घट्ट आहे?"

"आहे गं बाई, सगळं जागच्या जागी."

मागून तिचे लो साहेब ओरडले, "चौघं हसतायत, हा एकटाच रडतोय! काढा त्या म्हाताऱ्याला."

"साहेब, बेटावरून तो एकटाच आहे. खरं बोलत असला तर?"

साहेबांनी फोन स्वतःकडे घेतला. "मावशी, त्याच्या डोक्यावरचं पाकीट बघा बरं. तारीख काय?"

मावशींनी चष्मा चढवला. "अगं बाई! ही तर उलटून गेली की!"

"तरीच!" साहेब खदाखदा हसले. "सापडला चोर."

मावशी धापा टाकत नवं पाकीट घेऊन आल्या. पुन्हा चाचणी झाली, मी पुन्हा तेच सांगितलं. साहेबांनी वैतागून माझं नाव काढून टाकलं. मग निकाल छान आला. मानताईने तोच पुढे धाडला.

विक्रीच्या सकाळी मावशी माझ्यासमोर बसल्या, हात जोडले, बटण दाबलं. मी जीव तोडून धावलो हो! पडद्यावर आलं, 'वेळ संपली'. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तोवर बोटी भरल्या.

सणाच्या रात्री बाबांसाठी वाढलेला लाल दारूतल्या शेवयांचा वाडगा तसाच राहिला. बाबा विचारत होते, "बोट लागली का गं?" "लागेल हो," मावशी म्हणत होत्या. पंधरा दिवसांनी येणाऱ्या कंदिलांच्या सणाआधीच ते गेले. पो-लिन आला तो खांदा द्यायला.

पुढे मानताईने वेबसाइटची चूक शोधून दुरुस्त केली आणि रडतच फोन केला. "मावशी, तुमचा संगणक खरंच सांगत होता. आम्ही ऐकलं नाही."

"नाही गं पोरी. पाकिटाकडे माझंच लक्ष नव्हतं. माझ्याच हातून झालं." ताईने परोपरीने समजावलं, पण मावशींना ते पटलंच नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्यांना पुसा, जपा, ते तर हवंच. पण पाचांतला एखादा रडत असेल, तर त्याला रांगेतून काढण्याआधी जवळ बसून विचारा, बाबा रे, का रडतोस?

मावशी आता तारखेच्या कितीतरी आधी पाकीट बदलतात. मला पुसतात आणि हळूच म्हणतात, "चुकलं रे बाळा माझं." माझ्या पडद्यावर जगातले सगळे शब्द उमटतात. पण 'मावशी, तुमचं काही चुकलं नव्हतं' एवढं मला माझ्या मनाने लिहिता येत नाही.