बंधाऱ्याची सगळ्यांत वरची पाटी

मी एक जुनी लोखंडी पाटी आहे. सिंदफणेकडे जाणाऱ्या लहान नदीवर आमचा बंधारा आहे. त्याच्या दोन खांबांमधल्या गाळ्यात, एकीवर एक रचलेल्या पाट्यांत, मी सगळ्यांत वर.

मित्रांनो, मी आले तेव्हा गावाने मला कुंकू लावले, नारळ फोडला. पाऊस सरला की आम्हाला बसवून पाणी अडवायचे. मृगाआधी काढून खोलीत ठेवायचे, पुन्हा बसवताना ग्रीस लावायचे. कितीतरी उन्हाळे गावाने माझ्यामागचे पाणी प्यायले.

यंदा ऑगस्ट कोरडा गेला. गाव घाबरले. पाट्या लवकर बसवल्या. घाईत ग्रीस लावायचे राहिले.

सप्टेंबरात आभाळ फाटले.

पाणी माझ्या कमरेला.

काठालाच मुनिराची पेरूची बाग. ती चिखलातून धावत आली. "सुग्रीवभाऊ, पाट्या काढा! नदी बंधाऱ्याच्या बगलेतून माझ्या बागेत घुसंल."

पाट्यांचे काम बघणारे सुग्रीव छत्रीखाली उभे होते. "थांबा की भाबी. पाणी सोडलं अन् पाऊस गेला, तर उन्हाळ्यात गाव काय पिणार? तुमच्या पेरूचा रस?"

"झाडंच गेल्यावर रस कुठून निघंल, भाऊ?"

पाणी माझ्या कडीला.

सुग्रीवांचे हसू गेले. त्यांनी कडीत साखळीचा हूक अडकवला. "ओढ रे नाथा!"

त्यांच्या हाताखालच्या नाथाने साखळी ताणली. मी हलले नाही. गंजाने मला खांबांच्या खाचेत आवळले होते. मी अडले, म्हणून खालच्या सगळ्या अडल्या.

"कावून निघंना बे?" सुग्रीव ओरडले.

"ग्रीस कुणी लावलं व्हतं?" नाथाने विचारले.



पाणी माझ्यावरून.

बंधाऱ्याच्या टोकाची माती खचली. पेरूचे एक झाड वाकले. गेले. दुसरे. मुनिराने साखळीला हात घातला. सुग्रीवांनी छत्री फेकून घण उचलला. घाव. घाव. माझा कोपरा दुमडला.

आणि मी सुटले.

खालच्या पाठोपाठ निघाल्या. नदी गाळ्यातून धावली. बाग राहिली, काठची अख्खी ओळ मात्र वाहून गेली. ती ओळ होती तिथून आता नदी दिसते.

मी मुनिराच्या कुंपणाला टेकून आहे. काल सुग्रीव ग्रीसचा डबा घेऊन आले. खाली बघत उभे राहिले.

मित्रांनो, पाणी जरूर अडवा. पण नदीला सोडायची वाट गंजू देऊ नका.

मुनिराने डबा त्यांच्या हातातून घेतला.

"द्या इकडं. यापुढं मी लावते."