थंड लोखंडाची खूण

मी झोपेत चालायचे त्या काळात घरात सगळ्यांत शहाणी मीच होते. हे तेव्हा म्हटलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. आता या वयात मला अडवायला कुणी उरलेलं नाही, म्हणून सांगते.

मी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होते. तिथं शिकंजा असायचा. दोन जाड फळ्या, मधे उभा स्क्रू, वर आडवा लोखंडी दांडा. सरस लावलेली पुस्तकं त्यात रात्रभर दाबून ठेवायची. दांडा एका दमात फिरवून चालत नाही. थोडं आवळायचं, सरस जिरू द्यायचा, परत आवळायचं, आणि घरी निघताना शेवटचा पीळ द्यायचा. घाई केली की पुठ्ठा पापडासारखा वाकडा होतो. नऊ वर्षं माझा शिकंजा मीच आवळला. मग नवे मुकादम आले. बायकांच्या मनगटात जोर नसतो म्हणाले, शिकंजे पुरुषांकडे दिले आणि आम्हाला कागदाच्या घड्या घालायला बसवलं. मी मूग गिळून बसले. दोन आठवड्यांनी झोपेत चालायला लागले.

मला काहीच आठवायचं नाही. सकाळी तळवे काळे दिसायचे, आणि शेजारी सांगायचे की तुम्हाला जिन्याखालून वर आणलं, एकदा तर कोपऱ्यावरून. सासूबाई घाबरल्या. त्यांनी जुन्या चादरीची पट्टी फाडली आणि रोज माझा पाय पलंगाच्या पायाला बांधायला लागल्या. गाठ अशी मारायच्या की ती त्यांनाच सुटायची. सकाळी मोरीत जायचं तरी त्यांना हाक मारावी लागे. आमचे हे घड्याळं दुरुस्त करायचे. माणसांपेक्षा टिकटिक ऐकायची सवय जास्त. त्यांना विचारलं तर म्हणाले, आई काळजीनंच करते ना. काळजीनंच करत होत्या, मी कुठं नाही म्हणते? पण शेळीलासुद्धा दावं लावलं तर समोर चारा टाकतात.

अकरा दिवस सोसलं. बाराव्या दिवशी मी पट्टी घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि सांगितलं की आजपासून मला बांधायचं नाही. सासूबाईंनी भांडं खाली ठेवलं. म्हणाल्या की हा त्या नोकरीचा शीण आहे, नोकरी सोड, पट्टी मी जाळून टाकते. शेवटी ह्यांनी तोंड उघडलं. त्यांच्या दुकानात येणारे एक दातांचे डॉक्टर होते. ते संमोहन करून दात काढायचे आणि झोपेच्या तक्रारीही बघायचे. ठरलं असं की एक महिना उपचार घ्यायचे, तोवर बांधायचं नाही. तेवढ्यात गुण आला तर पट्टी गेली. नाही आला तर पाय पलंगाला आणि मी घरात.

दवाखान्यात सासूबाई सोबत आल्या. मला ऐकू जाईल अशा बेतानं त्यांनी डॉक्टरांना हळूच सांगितलं, हिच्या मनात नोकरीचा कंटाळा भरा. डॉक्टर हसले. ज्याला नको आहे त्याच्या मनात मला काहीच भरता येत नाही, आजी, म्हणाले. मला दात काढायच्या खुर्चीवर मागं रेलवलं, श्वास मोजायला लावले. त्यांचा आवाज दूर गेला नाही, उलट खोलीतलं बाकी सगळं दूर गेलं. त्यांनी विचारलं, कुठं निघतेस? मी म्हणाले, शिकंजा ढिला राहिलाय.

डोळे उघडले तेव्हा ते म्हणाले, "सोपं आहे. पुढच्या खेपेला तुझ्या मनाला सांगतो की शिकंजा आवळून झालाय, आता निवांत झोप."

"पण तो आवळलेला नाहीये," मी म्हणाले.

"तुला तसं वाटलं म्हणजे झालं."

"जागेपणी माझं काम काढून घेतलंय, डॉक्टर. झोपेतही खोटं सांगू नका. दुसरं काहीतरी द्या."

 त्यांनी खण उघडून दात उपटायचा चिमटा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. थंडगार होता. तीन खेपा त्यांनी मला तेच शिकवलं: झोपेत हाताला थंड लोखंड लागलं की जाग येईल आणि तू परत फिरशील. आमच्या दाराची कडी लोखंडाचीच होती.

तिसऱ्या खेपेनंतरच्याच सकाळी शेजारीण मला कोपऱ्यावरून घेऊन आली. सासूबाईंच्या हातात पट्टी तयार होती. बघितलंस, एवढंच त्या म्हणाल्या. ह्यांनी मान खाली घातली. मलाही वाटलं, हरले. आता मुकादमांना निरोप धाडायचा आणि उरलेला जन्म त्या गाठीपाशी काढायचा. तरी दाराशी गेले, कारण हात कुठं चुकला ते मला बघायचं होतं.

कडीवर लोकरीचं कापड होतं. जुन्या मफलरचा तुकडा, सुबक टाक्यांनी घट्ट शिवलेला. असे टाके आमच्या घरात एकाच हाताचे.

सासूबाईंनी नाकबूल केलं नाही. झोपेतल्या माणसाला एकदम दचकवलं तर त्याला वेड लागतं, असं त्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं. थंड लोखंडानं सून खडबडून उठेल या धसक्यानं त्यांनी मऊ करून ठेवलं होतं. आणि बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. मला त्यांचा राग आला आणि दयाही आली. पण दयेपोटी मी पाय पुढं केला असता तर तो आजही बांधलेलाच राहिला असता. मी कात्री आणली आणि एकेक टाका उसवला. त्या बघत होत्या. मी घाई केली नाही.

त्याच दिवशी मुकादमांसमोर उभी राहिले. पुरुषांच्या शिकंज्यातून निघालेली वाकड्या पुठ्ठ्यांची चार पुस्तकं मी त्यांच्या टेबलावर मांडली. ती चारही डुगडुगत होती. ते म्हणाले, कामाची वाटणी माझी मी बघेन. बघा, मी म्हणाले. आणि संध्याकाळी सगळे हात धुवायला गेले की माझ्या जुन्या शिकंज्याला शेवटचा पीळ मी देऊ लागले, मुकादमांच्या नाकावर टिच्चून, त्यांच्या डोळ्यांदेखत. पहिल्या दिवशी ओरडले. दुसऱ्या दिवशी नुसतेच खाकरले. पुस्तकं सरळ निघायला लागल्यावर त्यांना संध्याकाळी बाहेर काहीतरी काम निघू लागलं.

महिना भरला तेव्हा हिशोब असा होता: कडीवरचं कापड काढल्यापासून मी चार वेळा उठले होते. चारही वेळा कडीशी जागी झाले, अंधारात क्षणभर उभी राहिले आणि आपल्या पायांनी अंथरुणात परत आले.

"म्हणजे बरी नाहीच झालीस," सासूबाई म्हणाल्या. "उठतेसच की."

"उठते," मी म्हणाले. "आणि मीच परत येते. कुणी आणत नाही."

त्यांनी लेकाकडे बघितलं. हे घड्याळाच्या एका चाकात डोळा घालून बसले होते. तो न काढताच म्हणाले, "आई, ती परत येतेय ना. मग बांधायचं कशाला?"

त्यानंतरही कितीतरी वर्षं मी अधूनमधून उठत असे. पण माझ्या पायाला पुन्हा कुणी हात लावला नाही, आणि कारखाना मी सोडला तो माझ्या मनाला आला तेव्हा.