चालकाशी बोलू नये

सोफ्यांच्या गाद्या बदलणारा माणूस दिवसभर तोंडात खिळे धरून काम करतो, त्यामुळे त्याला बोलता येत नाही. ही कसर एका कारागिरानं लिहून भरून काढली. चौदा वर्षं दर रविवारी चर्चच्या पत्रकात मागचं अर्धं पान त्याचं होतं: 'रोजच्या जगण्यातला धडा'. नळ गळला की धडा. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधला की धडा. जुन्या सोफ्यांच्या पोटातून कंगवे निघत, पेनांची टोपणं निघत, एकदा कुणाची तरी कवळी निघाली. तिच्यावर दोन भाग झाले. बायकोचा जिन्यावरून पडून हात मोडला तेव्हा दवाखान्यात पोचेपर्यंत मथळा तयार होता. चर्चमधल्या तरुणांनी त्यांचं नाव धडेकर ठेवलं. ते इतकं चिकटलं की पाळकसाहेबांनी एकदा जाहीर प्रार्थनेतही तेच घेतलं.

धडेकरांना एकच लेक. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना एका संध्याकाळी जेवता जेवता ती म्हणाली, "मी कोर्स सोडलाय. बस चालवायचं लायसन काढलं."

"मोठी बस?" आईनं विचारलं.

"मोठीच."

बापानं घास तसाच ताटात ठेवला. त्याला सुचत होतं. पुढच्या रविवारी पत्रकात 'कळप सोडलेलं मेंढरू' आलं. नाव दिलं नव्हतं. द्यायची गरजही नव्हती; नर्सिंग सोडून बसकडं वळलेलं मेंढरू त्या चर्चमध्ये एकच होतं. उपासना संपल्यावर तीन बायकांनी तिचा हात हातात घेतला. चौथीनं दोन्ही घेतले. गायकवृंदातले एक आजोबा गहिवरून म्हणाले, "आम्ही तुला शोधतोय हं, बाळ." ती त्यांच्या समोर उभी होती.

घरी येऊन तिनं बॅग भरायला घेतली.

"अगं, त्या गोष्टीत मेंढरू वाईट नसतं," धडेकर दारात उभे राहून म्हणाले. "मेंढरू तर सगळ्यात लाडकं असतं."

"पप्पा, तो मेंढपाळ नव्व्याण्णवांना सोडून एकाला शोधायला गेला. तुम्ही एकाला सोडून नव्व्याण्णवांना वाचायला दिलंत."

वाक्य चांगलं होतं. धडेकरांच्या ते लक्षात आलं, आणि लक्षात आल्याची लाजही वाटली. तोवर ती जिना उतरली होती.

तीन तासांवरच्या एका शहरात तिला बसवर नोकरी मिळाली. दर गुरुवारी संध्याकाळी ती आईला फोन करायची. त्या वेळी धडेकरांना हटकून कप धुवायचा असे. एकच कप, पंचवीस मिनिटं.

"किती घासताय? भोक पडेल," फोन ठेवून बायको म्हणायची.

"काय म्हणाली?"

"काही नाही."

"पंचवीस मिनिटं काही नाही?"

"तुम्हाला सांगण्यासारखं काही नाही."

तरी नळाच्या आवाजातून जे हाती लागे ते त्यांनी जपून ठेवलं होतं. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. केस कापलेत. मध्ये ताप आला होता, आता बरी आहे. ताप येऊन गेल्याचं आपल्याला ताप गेल्यावर कळतं, हे त्यांना फार लागलं. एखाद्या घराच्या चाव्या हरवाव्यात आणि खिडकीतून आतला दिवा तेवढा दिसावा, तसे त्यांचे गुरुवार जात.

शिवाय लेक बस चालवते म्हटल्यावर अरुंद रस्ता, लाल दिवा, उशिरा धावत येणारा प्रवासी, असा किमान दोन वर्षांचा मजकूर डोळ्यांदेखत फुकट चालला होता. धडेकरांनी त्यातल्या एका ओळीलाही हात लावला नाही. याचं श्रेय त्यांना कुणी दिलं नाही.

वर्षभरानं त्यांनी माफी मागायचं ठरवलं. माफी मागायला त्यांना जगात एकच जागा ठाऊक होती: मागचं अर्धं पान. 'एका बापाची कबुली' फार गाजली. पाळकसाहेबांनी ती व्यासपीठावरून वाचून दाखवली, दोघं रडले, एकानं तर लॅमिनेट करून घेतली. बायकोनं त्या पानाचा फोटो लेकीला पाठवला.

त्या गुरुवारी फोन आला नाही. पुढच्याही नाही. सात गुरुवार बायको फोनसमोर बसून होती आणि कप कोरडा होता. आठव्या गुरुवारी घंटी वाजली. बोलणं झाल्यावर बायको म्हणाली, "तुमच्यासाठी निरोप आहे. म्हणाली, पप्पांना सांग, छान जमलंय. शेवट जरा लांबलाय."

धडेकरांना क्षणभर बरं वाटलं. मग वाटेनासं झालं. त्या रात्री त्यांनी शेवट पुन्हा वाचून पाहिला. लांबलाच होता.

असं दुसरंही वर्ष सरत आलं, आणि एका गुरुवारी बायकोनं फोन ठेवला तो सावकाश ठेवला. लेकीला समुद्रापलीकडं काम मिळालं होतं. लांब पल्ल्याच्या गाड्या, तीन वर्षांचा करार. एकतीस तारखेला निघणार होती. हातात बारा दिवस होते.

"जायच्या आधी घरी येते का?"

"नाही म्हणते."

धडेकर खुर्चीत बसले. म्हणाले, "मी तिला पत्र लिहितो."

"लिहा. तीन मुद्दे आणि खाली बायबलातलं एक वचन."

"मग काय करू?"

बायको चर्चमध्ये लहान मुलांचा वर्ग घ्यायची. हातातले कपडे घडी करत ती म्हणाली, "आपली वाटणी घेऊन गेलेल्या आणि सगळं उधळून परत आलेल्या मुलाची गोष्ट मी वीस वर्षं मुलांना सांगतेय. मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. मुलगा परत आल्यावर बाप त्याला काय म्हणाला?"

"काय म्हणजे..."

"तुम्ही सांगा. तुम्ही लिहिलंय त्याच्यावर."

धडेकरांनी बायबल काढून ती गोष्ट वाचली. मुलगा लांब असतानाच बाप धावला, गळ्यात पडला. मुलानं पाठ करून आणलेलं भाषण सुरू केलं. मग बाप बोलला, पण नोकरांशी: कपडे आणा, अंगठी आणा, पायात घालायला आणा. मुलाशी एक शब्द नाही. समजावणं होतं, पण ते शेवटी, आणि थोरल्या मुलासाठी. जो घरीच होता, कधी चुकला नव्हता, आणि दाराबाहेर फुगून उभा होता.

"एकोणीस वेळा लिहिलंय मी याच्यावर," धडेकर पुटपुटले.

"माहितेय. सगळे वाचलेत." बायकोनं उशीचा अभ्रा झटकला. "सतरा नंबरची गाडी. दुपारची पाळी असते. जा. आणि तोंडात खिळे आहेत असं समजा."

धडेकरांनी पाळकसाहेबांना कळवलं की या आठवड्यात मजकूर नाही.

"आजारी आहात का?"

"नाही."

"मग जुना एखादा टाकू? कवळीचा?"

"टाका," धडेकर म्हणाले. एरवी त्यांनी भाग पहिला की दुसरा ते विचारलं असतं.

तीन तासांच्या प्रवासात त्यांनी पहिलं वाक्य जुळवायचा प्रयत्न केला. प्रत्येक वाक्य अर्ध्यावर गेलं की त्याला उपदेशाचं शेपूट फुटायचं. शहर आलं तेव्हा त्यांच्याकडं एकही वाक्य उरलं नव्हतं.

मुख्य स्थानकावर सतरा नंबर उभी होती. दार उघडलं. लेकीनं केस खरंच कापले होते. मान दिसत होती, लहानपणी आंघोळ घालताना दिसायची तशी. तिनं पाहिलं. चेहऱ्यावर काही हललं नाही.

"कुठं?"

"शेवटपर्यंत."

शेवटपर्यंत या शब्दावर तर अख्खं पान होतं. धडेकरांनी ओठ मिटले. गाडीत वाहक नव्हता; तिनंच तिकीट काढून दिलं. ते तिच्या लगेच मागच्या सीटवर बसले. समोर पाटी होती: 'गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये'. बायकोनं इतक्या लांबून ही व्यवस्था केली असेल असं त्यांना वाटून गेलं.

पंचेचाळीस मिनिटं ते तिची पाठ बघत होते. वळणावर ती खालचा ओठ चावायची. ही सवय त्यांचीच. लांबून पिशव्या सांभाळत येणाऱ्या बाईसाठी ती थांबली, मागच्यांनी कुरकुर केली तरी थांबली. बाई चढून म्हणाली, "देव भलं करो गं तुझं." ती म्हणाली, "आत सरका, मावशी." एवढ्यावर एक धडा झाला असता. प्रत्येक थांब्यावर एक चढत होता आणि धडेकर त्याला पुढच्या थांब्यावर उतरवत होते. आपण चौदा वर्षं प्रत्येक गोष्टीत काहीतरी शोधत होतो, त्यामुळे ती गोष्ट बघायची राहून गेली, असं त्यांना वाटलं. हाही धडाच होता. तोही उतरवला.

शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. तिनं इंजिन बंद केलं आणि मागं वळली.

"दहा मिनिटं आहेत. बोला."

धडेकरांनी नकारार्थी मान हलवली.

"आईनं पाठवलं?"

"मीच आलो. नंबर तिनं दिला."

"लिहिणार याच्यावर?"

"नाही."

"सुचत नाही?"

"सुचतंय. चढल्यापासून अकरा सुचले."

तिनं तोंड खिडकीकडं फिरवलं. खांदे जरा हलले. हसली की काय ते मागून कळेना, आणि धडेकरांनी विचारलं नाही.

"मी एकतीसला जाणार आहे, पप्पा. थांब म्हणायला आला असाल तर उपयोग नाही."

"हं." ते खाली बघत होते. म्हणाले, "बूट चावतात का तुला? उजवा पाय आखडून ठेवतेस."

तिनं पायाकडं पाहिलं. म्हणाली, "टाचेला. कंपनीचे आहेत. सगळ्यांनाच चावतात."

"दे."

तिनं बूट काढून दिला. धडेकरांच्या कोटाच्या खिशात कायम फोमचे आणि मऊ चामड्याचे तुकडे असत. कारागिराचे खिसे कधी रिकामे नसतात. त्यांनी चाकूनं एक तुकडा अर्धचंद्रासारखा कापला, कडा तासून पातळ केल्या, टाचेच्या मागं घट्ट बसवला, आत हात घालून अंगठ्यानं सगळीकडून चाचपला. दुसऱ्या बुटासाठी न बोलता हात पुढं केला. तिनं तोही दिला. रिकाम्या बसमध्ये लेक नुसत्या मोज्यांत बसली होती आणि बाप तिचा बूट मांडीवर घेऊन. आपण नेमकं काय करतोय ते धडेकरांना दुसरा बूट अर्धा झाल्यावर कळलं. हा बारावा होता. त्यांनी तो गिळला.

तिनं बूट घातले, उभी राहून दोनदा पाय आपटून पाहिले.

"बरंय," ती म्हणाली. मग इंजिन सुरू करत म्हणाली, "परतीला पुढं बसू नका."

"का गं?"

"आरशात दिसता. मला रस्त्याकडं बघायचं असतं."

धडेकर उठले आणि अगदी शेवटच्या सीटवर जाऊन बसले. बस भरत गेली. मधे उभ्या माणसांच्या खांद्यांमधून कधी तिचा कान दिसायचा, कधी कोपर, कधी काहीच नाही. दोन वर्षांपेक्षा हे अंतर पुष्कळ कमी होतं, तरी त्यांना ते मोजून बघावंसं वाटत राहिलं.

मुख्य स्थानक आलं. त्यांची घरी जायची गाडी तिथूनच सुटायची. माणसं भराभरा उतरली.

"काका, शेवटचा थांबा आहे हा," शेजारचा माणूस उठता उठता म्हणाला. "उतरायचं नाही?"

धडेकर जागचे हलले नाहीत. ते पुढं बघत होते. आता मधे कुणी नव्हतं. आरशात, फार लहान, दोन डोळे होते, आणि ते रस्त्याकडं बघत नव्हते. नवी माणसं चढली. तिनं त्यांची तिकिटं दिली. एकदा मागं, सगळ्यात शेवटच्या सीटकडं पाहिलं, एक तिकीट जास्तीचं काढून आपल्या वरच्या खिशात ठेवलं, आणि दार बंद केलं.

पाळीत सहा फेऱ्या होत्या. तिसरी सुरू झाली.