ओरिन कॉर्कमची टाकी

“हे बघ, लाल झालं,” टाकी काढायला आलेला डॅरेल म्हणाला. टाकीतून ओढून काढलेली लांब काठी त्याने ग्लेंडासमोर आडवी धरली. टोकाला लावलेला पिवळट लेप चार बोटं लालभडक झाला होता.

“म्हणजे?”

“तळाशी पाणी आहे. तेलाने लेप लाल होत नाही, पाण्याने होतो. आणि जमिनीतल्या टाकीत पाणी शिरतंय म्हणजे...” वाक्य तिथेच सोडून तो उरलेलं तेल उपसायला पंपाकडे वळला.

पुढचं ग्लेंडालाही कळत होतं. पाणी आत येतं त्या भोकातून तेल बाहेर जातं, आणि उताराखाली शेजारच्या ऑर्व्हिलची विहीर होती.

बाबांना जाऊन जेमतेम दीड महिना झाला होता. विमावाल्यांचा निरोप आला होता: घर तापवायच्या तेलाची जमिनीतली टाकी काढा, नवी जमिनीवर बसवा, नाहीतर विमा बंद. आईला हिवाळा याच घरात काढायचा होता, म्हणून ग्लेंडा हॅलिफॅक्सहून आली होती. पण तिला एक गोष्ट काही केल्या उमगत नव्हती. बाबांनी जन्मभर तेलाचा ट्रक चालवला. गावातल्या घराघरामागे नळी ओढत नेली आणि प्रत्येकाला बजावलं, जमिनीतली टाकी कुजते, वेळेत बदला. मग स्वतःची का ठेवली?

ऑर्व्हिल कुंपणाशी येऊन उभा राहिला होता.

“तुझ्या बापाने डोकं खाऊन खाऊन माझी टाकी बदलायला लावली,” तो म्हणाला. “दारात पिंप कसलं आणून ठेवलंत म्हणून बायको वर्षभर बोलत नव्हती. बरं गेलं ते वर्ष.” मग त्याचा आवाज उतरला. “ही गळतेय का गं?”

“माहीत नाही, ऑर्व्हिलकाका.”

“ओरिनला माहीत असणार. रोज काठी बुडवायचा तो.”

हा टोमणा होता की साधं बोलणं, तिला ठरवता आलं नाही. ती स्वयंपाकघरात गेली. आई बटाटे सोलत होती.

“आई, बाबांनी आपली टाकी का नाही बदलली?”

“नवीला बाहेर काटा असतो. किती तेल आहे ते येणारा-जाणाराही सांगतो.” आईने साल सिंकमध्ये टाकलं. “मग घरी बसलेल्या माणसाने सकाळी उठून करायचं काय?”

“आणि गळत असली तर?”

“त्याची टाकी?” आईने एवढंच विचारलं. तिची सुरी मात्र थांबली होती.

दुपारी साखळ्या लावून टाकी वर उचलली. वरची नळी तशीच उभी, अंगावर गंजाचे पापुद्रे. डॅरेल तिच्याभोवती हातोडीने ठोकत फिरला, आडवा होऊन तिच्या पोटाखाली शिरला. मग खड्ड्यात उतरून त्याने मूठभर माती आणली आणि ऑर्व्हिलच्या नाकाशी धरली.

“हुंगा.”

“मातीचा वास येतोय.”

“मग?”

“मग काय, मातीच आहे.”

ग्लेंडाला हायसं वाटलं, पण पुरतं नाही. “मग पाणी आलं कुठून?”

डॅरेलही गोंधळला होता. त्याने डोकं खाजवलं. “सकाळी नळीचं झाकण कुणी काढलं?”

“मी.”

“पाना कुठे मिळाला तुला?”

“पाना कशाला? हाताने निघालं.”

“ओरिनचं झाकण? हाताने?” डॅरेल तिच्याकडे बघतच राहिला. “अगं, त्यांच्यानंतर त्या ट्रकवर मी होतो. त्यांनी लावलेलं झाकण उघडायला पान्यावर लोंबकळावं लागायचं. रोज शिव्या घालायचो मी त्यांना.”

आई पायरीवर कधी येऊन उभी राहिली होती, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

“दवाखान्यात न्यायचं त्या दिवशीही त्याने काठी बुडवली,” ती म्हणाली. “झाकण लावायला पाना उचलेना. मी म्हटलं, मी लावू? तर म्हणाला, लागलंय.” तिने हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतले. “मग मीही म्हटलं, हो, लागलंय.”

नळीचं तोंड जमिनीलगत होतं, झाकण सैल, आणि सबंध सप्टेंबर पाऊस झाला होता. टाकी गळत नव्हती, बाबांनी काही लपवलं नव्हतं. तरी ग्लेंडाला कशाने मोकळं व्हावं आणि कशाने रडावं तेच कळेना. दवाखान्यात हातात हात घेतला तेव्हा त्यांनी तो घट्ट धरला, असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं.

संध्याकाळपर्यंत नवी टाकी भिंतीशी चार पायांवर उभी राहिली. जुनी भंगारात जायची होती. सकाळी तिचे तुकडे होणार होते. तिला ट्रकवर चढवून दोर आवळून झाले, तेव्हा डॅरेलने आईकडे पाहिलं. मग तो ट्रकवर चढला, झाकण नळीवर बसवलं, हाताने फिरवलं, आणि खाली हात करून पाना मागितला. ग्लेंडाने तो वर दिला. दोन्ही हातांनी, सगळं अंग टाकून, त्याने झाकण आवळलं.

“लागलं?” आईने खालून विचारलं.

“लागलं, वेल्माआंटी.”