निळ्या तेजाची पोथी

त्या गुरुवारी दुपारी कॉलेजच्या मागच्या कंपाउंडबाहेर तीनशे पोरंपोरी रांगेत उभी होती, आणि एकही बोलत नव्हतं. परीक्षेच्या निकालालाही आमच्याकडे इतकी शांतता नसते.

आमचं कॉलेज नाशिकहून निफाडकडे जाताना लागतं. तिन्ही बाजूंनी द्राक्षबागा, चौथ्या बाजूला रस्ता. मागच्या भिंतीला लागून दिवाळीनंतर एक पत्र्याची शेड उभी राहिली. तिच्यावर उंच खांब, खांबावर भगवा झेंडा. आत रंगनाथ महाराज बसायचे. मी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. सुरुवातीला मी त्या शेडकडे लक्षच दिलं नाही. बाबा येतात आणि जातात, असं माझं मत होतं.

पण हे महाराज अंगारा देत नव्हते, हवेतून काही काढत नव्हते. ते फक्त सांगायचे. दारात सेवेकरी नाव आणि वर्ग विचारून घ्यायचा, म्हणे संकल्पासाठी. मग तासाभराने नंबर लागायचा. महाराज लाल कापडात गुंडाळलेली जाडजूड पोथी मांडीवर उघडायचे. अंधाऱ्या शेडमध्ये त्यांच्या चेहऱ्यावर निळसर तेज पडायचं. भक्त म्हणायचे, पोथीच उजळते. मग ते मान वर न करता बोलायचे.

"तू घरी सांगितलंस सगळे विषय निघाले. दोन राहिलेत."

"तू जिला पत्र लिहितोस ती तुला उत्तर देत नाही. देणारही नाही."

बोलणं हळू, जवळजवळ मायेचं. ऐकणारा हात जोडून खाली बसायचा. कारण ते खरं असायचं, आणि ते कोणालाच माहीत नसायचं. दर्शनाच्या आदल्या दिवशी अनेकांना फोनवर एक संदेश यायचा: नवीन उपकरणावरून तुमच्या खात्यात प्रवेश झाला आहे. महाराज म्हणायचे, "काल मी तुझ्यात प्रवेश केला. खूण मिळाली ना?" पोरं माना डोलवायची.

डिसेंबरपर्यंत शेडमध्ये सेवेला मुलांची रीघ लागली. तास बुडवून मुली तिथे झाडलोट करू लागल्या. एका मुलीला मी म्हटलं, "तुला जायचं नसेल तर नाही म्हण ना."

ती म्हणाली, "मॅडम, ज्याला सगळं माहीत आहे त्याला नाही कसं म्हणायचं?"

त्या वाक्यानं मला पहिल्यांदा भीती वाटली.

त्या गुरुवारच्या रांगेत वेदिका होती. दुसऱ्या वर्षाची, हरसूलकडची. अबोल, पण प्रयोगशाळेत तिचा हात इतका स्थिर की सोल्डरिंग कसं करायचं ते इतरांना मी तिचं काम दाखवून शिकवायची. मी तिच्या मागोमाग शेडमध्ये शिरले. काय चालतं ते एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून.

महाराजांनी पोथीचं पान उलटलं. "पोरी, तुझ्यात दोघं राहतात. एक तू. दुसरी तुला जमिनीवर आपटते. चौदाव्या वर्षापासून."

वेदिका एक पाऊल मागे सरली.

"मैत्रिणींपासून लपवतेस. उशीच्या खोळीत गोळ्या ठेवतेस. त्या गोळ्यांवरच ती दुसरी जगते आहे. तिचं खाणं बंद कर. मग एकवीस दिवस इथे अनुष्ठानाला राहा."

मी पुढे झाले. "महाराज, कुणाला औषध बंद करायला सांगणं हा गुन्हा आहे. ती आजारी असेल तर डॉक्टर बघतील."

सेवेकरी माझ्याकडे वळले. महाराज मात्र रागावले नाहीत. त्यांनी माझं नाव विचारलं. मी सांगितलं, प्रतिभा. ते पोथीत बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, तुमची आई तुम्हाला ओळखेनाशी झाली आहे. आणि तुम्ही तिला ठेवायला जागा शोधताय. भावाला अजून सांगितलं नाही. बरोबर?"

शेडमधले सगळे माझ्याकडे बघत होते. मी बाहेर आले, वेदिकाला तिथेच सोडून.

हे मी लपवत नाही. बावीस वर्षं विज्ञान शिकवणारी बाई दोन दिवस घाबरून होती. आईबद्दल मी कुणाजवळ एक अक्षर बोलले नव्हते. वृद्धाश्रमाचा विचार मी स्वतःशीसुद्धा नीट कबूल केला नव्हता. घरी आईला भरवताना हात थांबायचा. त्याला अजून काय माहीत असेल, हेच डोक्यात. त्या दोन दिवसांत मी वेदिकाला एक फोन करायला हवा होता. केला नाही.

शनिवारी सकाळी अकराच्या प्रॅक्टिकलला ती टेबलाशी उभी असतानाच कोसळली. झटका थांबला, आणि ती शुद्धीवर यायच्या आत दुसरा आला. मग तिसरा. मुलं भिंतीला चिकटून उभी होती. कुणीतरी कुजबुजलं, "दुसरी बाहेर आली." मी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझी पर्स सरकवली, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तिचे ओठ निळे पडताना बघत बसले.

रुग्णालयात डॉक्टरीणबाई सरळ बोलल्या. "हिला अपस्मार आहे, फिट्स. औषधानं पाच वर्षं आटोक्यात होता. गोळ्या एकदम बंद केल्या की झटके असे उलटून येतात. अजून अर्धा तास गेला असता तर मी तुमच्याशी वेगळं बोलत असते."

संध्याकाळपर्यंत वेदिकाची आई, चंद्रभागाबाई, हरसूलहून पोहोचल्या. अंगावर शेतातलंच लुगडं. अतिदक्षता विभागाच्या काचेतून लेकीकडे बघून झाल्यावर त्या माझ्याजवळ बसल्या.

"बाई, तिच्या मैतरणींनी मला समदं सांगितलं. म्हाराजांनी वळखलं म्हणं. गोळ्या चालू व्हत्या तवा बी ती लपून रडायची. मी तिला त्यांच्याकडंच नेते."

"तिला इथून हलवलं तर ती जगणार नाही."

"मग त्याला कसं कळलं? आमच्या गावात कुनाला ठाव नाय. सोयरिकीसाठी आमी दडवून ठेवलं. हिच्या बापाच्या भावालाबी सांगितलं नाय. त्याला कुनी सांगितलं?"

तोच प्रश्न माझाही होता. मी एवढंच म्हणाले, "मला गुरुवारपर्यंत वेळ द्या. तोवर तिला हलवू नका. गुरुवारी मी सांगू शकले नाही, तर तुम्ही ठरवाल ते."

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

रविवारी दुपारी आईच्या उशाशी बसून मी तो प्रश्न पुन्हा नीट मांडला, विद्यार्थ्यांना शिकवते तसा. मी कुणाला सांगितलं? कुणालाच नाही. मग हे माझ्या डोक्याबाहेर कधी गेलं? आणि एकदम आठवलं. मी सांगितलं नव्हतं, पण विचारलं होतं. फोनला. मंगळवारी डबा खाऊन झाल्यावर, मागच्या पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून मी 'नाशिकमध्ये वृद्धाश्रम' असं शोधलं होतं. 'स्मृतिभ्रंश झालेल्या आईला कसं सांभाळावं' असंही. भावाला लिहायला घेतलेली ई-मेल अर्धवट ठेवली होती. आणि त्याआधी कॉलेजच्या वाय-फायनं माझ्याकडे पुन्हा पासवर्ड मागितला होता, जो एरवी महिनोन्‌महिने मागत नाही.

मी खात्याच्या सुरक्षेचं पान उघडलं. बुधवारी सकाळी एका अनोळखी उपकरणावरून माझ्या खात्यात कोणीतरी शिरलं होतं. तो संदेश मलाही आला होता. मी न वाचता पुसला होता.

सोमवारी सकाळी मी कॉलेजचं नेटवर्क सांभाळणाऱ्या किशोरला गाठलं. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं सगळं ऐकलं, फोनवर सिग्नल मोजायचं ॲप उघडलं, आणि आम्ही दोघं आवारात चालू लागलो. ग्रंथालयापाशी कॉलेजचं नेटवर्क एकच दिसत होतं. मागच्या पार्किंगपासून त्याच नावाची दोन दिसू लागली. भिंतीकडे जाऊ तसं दुसरं वाढत गेलं. भिंतीपाशी काटा शेवटाला टेकला.

किशोरनं वर बघितलं. "आपला सगळ्यात जवळचा वाय-फायचा खोका इथून दीडशे मीटरवर आहे. हा सिग्नल त्या झेंड्याच्या खांबातून येतोय."

"म्हणजे?"

"कुणीतरी आपल्याच नावाचं खोटं नेटवर्क लावलंय. फोनला दोन्ही सारखीच, तो जास्त जोराचं पकडतो. मग आपल्यासारखंच दिसणारं पान येतं, पासवर्ड मागतं. मुलं टाकतात. इंटरनेट चालू होतं, म्हणून संशय येत नाही. पासवर्ड मात्र त्याच्याकडे राहतो."

आमच्याकडे प्रत्येकाला कॉलेजचं खातं एकच. वाय-फायला तेच, ई-मेलला तेच, आणि फोनवर जे काही शोधाल त्याची नोंदही त्याच खात्यात. वेदिकानं दर महिन्याला त्या गोळ्यांबद्दल शोधलं होतं, हे पुढे तिनंच मला सांगितलं. वसतिगृहात कोणाला न कळता त्या उशीच्या खोळीत ठेवल्या तर चालतील का, हेसुद्धा एका डॉक्टरांना ई-मेलनं विचारलं होतं. चौदाव्या वर्षापासून, हे तिचेच शब्द.

किशोर पुढे म्हणाला, "आपलं पान इतकं हुबेहूब करणारा मला एकच माहीत आहे. नाथा. दोन वर्षं आपल्याकडे कंत्राटावर होता. दारात नावं लिहून घेतो तो तोच असावा. दाढी वाढवली आहे."

पोलिसांत तक्रार त्याच दिवशी दिली. पण मला ठाऊक होतं, नुसत्या तक्रारीनं रांग मोडणार नाही. पोरं म्हणतील, संतांचा छळ चाललाय. त्यांच्या डोळ्यांदेखत ते उघडं पडायला हवं होतं.

मग आम्ही एक माणूस तयार केला. माझा जुना विद्यार्थी मल्हारी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला आहे. दिसतो अजून कॉलेजचाच. किशोरनं त्याच्या नावानं विद्यार्थ्याचं खातं उघडलं. भिंतीपाशी बसून मल्हारीनं पासवर्ड टाकला आणि तीन दिवस तो फोनला खोटं खोटं विचारत राहिला. विहिरीत बुडालेल्या भावाचं श्राद्ध कसं करतात. मेलेल्या माणसाची हाक ऐकू येते का. स्वतःलाच एक ई-मेल लिहिली: रुद्र, तू हाक मारलीस तेव्हा मी ऐकूनही आलो नाही.

ती सगळी कथा मी सोमवारीच कागदावर लिहिली होती. प्राचार्यांची सही आणि तारीख घेतली, पाकीट बंद केलं आणि चंद्रभागाबाईंच्या हातात दिलं. "हे गुरुवारपर्यंत कुणाला देऊ नका. मलासुद्धा."

गुरुवारी शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. वेदिका कोसळल्यामुळे महाराजांचा दरारा उलट वाढला होता. त्यांनी सुरुवातच तिथून केली. "मी सांगितलं होतं, तिच्यात दुसरी राहते. ती बाहेर पडली. अनुष्ठान लांबवलं, त्याचं हे फळ." चंद्रभागाबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या.

मल्हारीचा नंबर आला. पोथी उघडली, निळं तेज चेहऱ्यावर पडलं.

"तुझ्या मागे पाणी आहे," महाराज म्हणाले. "विहिरीचं पाणी. तुझा धाकटा भाऊ त्यात गेला. त्यानं तुला हाक मारली होती."

शेडमधून हुंकार उठला. मल्हारीनं खाली मान घातली. "महाराज, त्याचं नाव दिसतं का?"

"रुद्र. इथेच उभा आहे. रडतोय."

"तो कसा दिसतो?"

"तुझ्यासारखाच."

मल्हारीनं मान वर केली. "मला भाऊ नाही, महाराज. तीन बहिणी आहेत. आणि आमच्या घरी विहीरच नाही."

मी चंद्रभागाबाईंकडे वळले. त्यांनी कमरेचं पाकीट काढून रांगेतल्या पहिल्या मुलीच्या हातात दिलं. ती मोठ्यानं वाचू लागली: विहीर, हाक, रुद्र, आणि खाली सोमवारची तारीख. वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला.

महाराजांनी पोथी मिटली. "कलियुगात देवाची परीक्षा घेणारे असतातच. या अपवित्र वातावरणात पोथी बोलत नाही." ते उठू लागले.

चंद्रभागाबाई पुढे सरकल्या. "म्हाराज, पोथी दावा."

"बाईमाणसानं तिला स्पर्श केला तर कुळाचा नाश होईल."

"माझं कूळ दवाखान्यात निजलंय," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही हातांनी त्यांनी ते लाल कापड ओढलं.

पोथीची पानं मधोमध कापून खोबण केली होती. खोबणीत टॅबलेट. त्यावर मल्हारीचं खातं अजून उघडं होतं. बाजूला नावांची लांबलचक यादी. चंद्रभागाबाईंनी बोट हळूहळू खाली नेलं आणि एका ठिकाणी थांबवलं.

"हे माझ्या लेकीचं नाव," त्या म्हणाल्या. "मला एवढं वाचता येतं."

मग पोरं पुढे आली. कोणी मारहाण केली नाही. एकेक जण वाकून यादीत आपलं नाव शोधत होता, आणि सापडलं की गप्प बाजूला होत होता. त्या शांततेची मला आजही भीती वाटते. तक्रारीनंतर बाहेर दबा धरून बसलेल्या पोलिसांनी महाराजांना शेडमध्येच ताब्यात घेतलं. नाथा मागच्या बाजूनं निघाला होता, तो बागेच्या बांधावर पोलिसांच्या हाती लागला. खांबातून निघालेली अँटेना आणि खालच्या चौथऱ्यात दडवलेला राउटर पंचनाम्यात गेला.

वेदिका अकरा दिवसांनी घरी गेली. उजव्या हाताला अजून थोडा कंप आहे. डॉक्टर म्हणतात, जाईल. नक्की सांगता येत नाही. गोळ्या आता ती सगळ्यांसमोर घेते. मी भावाला फोन केला, आईचं आम्ही दोघांनी मिळून ठरवतो आहोत.

हे इथे संपलं असं मी म्हणणार नाही. शेड गेल्यावरही काही मुलं भिंतीपाशी नमस्कार करताना मला दिसली. एकानं मला सांगितलं, "मॅडम, टॅबलेट असेल, पण महाराजांत काहीतरी होतंच." सांगितलं तसं खरं निघालं, एवढंच त्याच्या लक्षात राहिलं होतं.

लेकीला न्यायला आल्या तेव्हा चंद्रभागाबाईंनी मला विचारलं, "बाई, उद्या दुसरा कोनी येईल. त्याची पोथी निराळी आसंल. मला त्यातलं काय बी कळत नाय. मी कसं वळखायचं?"

मी त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते. यंत्र कळायची गरज नाही. कुणी तुमच्या मनातलं सांगितलं, तर आधी विचारा, हे मी कुठे बोलले होते, कुठे लिहिलं होतं, कुणाला विचारलं होतं? उत्तर लगेच सापडणार नाही. मलाही चार दिवस लागले. पण उत्तर सापडलं नाही म्हणजे चमत्कार झाला, असं नाही. उत्तर अजून सापडलेलं नाही, एवढंच. आणि ते सापडेपर्यंत त्या माणसाच्या सांगण्यावरून लेकरू घराबाहेर पाठवायचं नाही, आणि एकही गोळी बंद करायची नाही.