प्रस्थानाला ठेवलेला कोट

मित्रांनो, आमच्या मोदरगमला बारा महिने पंखे फिरतात, आणि त्याच गावात मी जाड लोकरीचा एक जुना कोट होऊन दिवस काढतो आहे. लंकेच्या या किनाऱ्यावर माझे काय काम, असे तुम्हाला वाटेल. काम होते. आता नाही.

माझा जन्म नॉर्वेचा. सोलवेग नावाच्या प्राध्यापिका मला घालून विमानातून उतरल्या, तेव्हा घामाने निथळत होत्या आणि स्वागताला आलेले सगळे तोंड लपवून हसत होते. त्यांच्या आणि इथल्या विद्यापीठाचा करार त्यांनीच जुळवला. इथली मुले एक सत्र तिकडे शिकणार, तिकडची इकडे येणार, खर्च तिकडचा. जाताना त्या मला ठेवून गेल्या. म्हणाल्या, तुमच्या मुलांना लागेल.

तेव्हापासून जो विद्यार्थी निवडला जाई, तो मला घरी नेई. कसुन नावाचा कोळ्याचा मुलगा मला घालून गेला आणि परत येऊन इथेच मास्तर झाला. किती जणांना मी बर्फात सांभाळले! परदेशी विभागातल्या मालकांती अक्का मला उन्हात झटकताना म्हणायच्या, "या कोटाने अर्धं गाव शहाणं केलं." खोटे कशाला सांगू, मी फुगून जायचो.

पुढे तिकडचे सरकार बदलले आणि पैसा आटला. आधी दोन जागांची एक झाली. तिकडची मुले पंधरवडाभर यायची, कासवांबरोबर फोटो काढून जायची, आणि त्यालाही देवाणघेवाण म्हणायचे.

शेवटच्या जागेवर इनोका निवडली गेली. तिच्या घराची मागची भिंत समुद्राने नेली होती, आणि किनारा कसा राखायचा हेच तिला शिकायचे होते. तिची आई सोमलता नाक्यावर इंदिआप्पा, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, विकायची. माय भोळी. ज्योतिषाने काढलेला मुहूर्त तिकिटाच्या कितीतरी आधीचा निघाला, म्हणून तिने मला प्रस्थानाला ठेवायचे ठरवले. त्या वेळेला प्रवासाची वस्तू घराबाहेर पडली, की माणूस निघाल्यासारखेच. दिशा पाहून घर निवडले तेही डीन उडावत्तसरांचे. मोठ्या माणसाचा उंबरठा, आणखी काय हवे!

सरांनी मला हसत ठेवून घेतले. त्याच आठवड्यात तिकडून कळले, की कराराची मुदत संपते आहे आणि उरलेली रक्कम भागीदारी टिकवण्यासाठी वापरली तरी चालेल. समितीने एका बैठकीत ठरवले, त्या पैशांतून सह्या करायला डीन आणि आणखी तिघे जातील. त्या रात्री सरांनी मला आरशासमोर अंगावर चढवून पाहिले. पोटावर जरा ओढ बसत होती, पण बाईसाहेबांनी गुंड्या सरकवून दिल्या.

इनोका निरोप घ्यायला आली, तेव्हा तिला काहीच ठाऊक नव्हते. विड्याची पाने दोन्ही हातांनी देऊन ती पाया पडली. सरांनी पाने घेतली, आशीर्वाद दिला, आणि मग सांगितले, की यंदा तिचे जाणे रद्द.

तिने विचारले, "सर, मग पुढच्या वर्षी मी जाईन ना?"

"जाशील की, पोरी. करार राहिला तर पोरं जातील. करारच बुडाला तर कोण जाणार? तूच सांग."

"मग कोट नेते, सर. आई वाट बघतेय."

"प्रस्थानाची वस्तू परत घरात नेतात का गं? आईला विचार. अपशकुन होईल. राहू दे इथंच."

ती रिकाम्या हातांनी गेली. माझे अस्तर जळत होते, पण लोकरीला तोंड नसते.

तिकडे सोहळा थाटात झाला. विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीवर सरांनी मला घालूनच भाषण केले. जेवणाच्या वेळी तिथल्या एका तरुण अधिकारी बाईंनी विचारले, की निवडलेली मुलगी का आली नाही.

"घरची अडचण," सर मासा सोलत म्हणाले. "आईच पाठवायला तयार नाही. आमच्याकडची माणसं अजून तशीच आहेत."

बाईंनी मान हलवली. एकदा माघार घेतलेल्याला पुन्हा संधी नाही, हा तिथला नियम सरांना पुरता ठाऊक होता.

दुसऱ्या वर्षी जागा आली आणि दुसऱ्याला मिळाली. त्याने नवा कोट विकत घेतला. इनोकाच्या घराचे स्वयंपाकघरही आता पाण्यात गेले आहे. ती आईबरोबर नाक्यावर उभी असते. आपल्या मुहूर्तातच खोट होती, असे सोमलता अजून स्वतःलाच दोष देते.

मित्रांनो, माझ्यासारखी आत्मवृत्ते शेवटी म्हणतात, आमची निगा राखा. माझी निगा उत्तम आहे. सरांच्या कपाटात मी डांबराच्या गोळ्यांमध्ये सुखरूप लटकतो, कसरीचे भय नाही. माझी विनंती एवढीच, की उद्या तुम्ही मोठ्या खुर्चीवर बसाल, तेव्हा दुसऱ्याच्या वाटणीची ऊब स्वतःच्या अंगावर चढवू नका. मी ज्याच्या खांद्यावर टाकाल त्याला ऊब देतो, चोरालाही. मला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येते.